मंत्रचळावरची गोळी : किती आणि किती दिवस?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंत्रचळ हा शब्द मराठी घरांत सहज वापरला जातो. कुणी कुलूप लावून जिना उतरतं आणि पुन्हा वर जाऊन ते ओढून बघतं. कुणी भरलेली घागर ‘पाल गेली असेल’ म्हणून ओतून टाकतं. मग घरचे म्हणतात, ‘त्यांना जरा मंत्रचळच आहे.’ या म्हणण्यात थोडी थट्टा असते आणि थोडं कौतुकही असतं, कारण स्वच्छता आणि काटेकोरपणा यांना आपल्याकडे मान आहे. परंतु याच शब्दामागे एक खराखुरा आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो.

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार. हाताला घाण लागली असेल, गॅस चालू राहिला असेल, देवासमोर उभं असताना अभद्र शब्द मनात येतील, माझ्या हातून बाळाला इजा होईल, अशा स्वरूपाचा. दुसरा भाग म्हणजे त्या विचाराची भीती घालवण्यासाठी केलेली कृती. हात धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं, किंवा घरच्यांना ‘नक्की काही झालं नाही ना?’ असं वीस वेळा विचारणं. बहुतेक रुग्णांना हे सारं निरर्थक आहे हे कळतं, तरी थांबवता येत नाही. यात रोज तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, किंवा नोकरी, अभ्यास, संसार अडू लागला, की तो स्वभाव राहत नाही. त्यावर उपचार घ्यायला हवेत.

श्रोतेहो, आज मला लक्षणांपेक्षा औषधांबद्दल अधिक बोलायचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मी एक दृश्य वारंवार बघतो. रुग्ण येतो, हातात चिठ्ठ्यांचं पुडकं असतं. ‘डॉक्टर, चार औषधं झाली. एकानंही गुण आला नाही.’ चिठ्ठ्या तारखेनुसार लावून बघितल्या, तर पहिलं औषध तीन आठवडे, दुसरं पाच आठवडे, तिसरं अगदी कमी मात्रेत, आणि चौथं तर या आजाराचं औषधच नाही! म्हणजे चार औषधं घेतली खरी, पण एकाचीही परीक्षा पुरी झालेली नाही. रुग्णानं मात्र ‘माझा आजार बरा होणारा नाही’ असा निकाल स्वतःपुरता लावून टाकलेला असतो. ही निराशा मला आजाराइतकीच घातक वाटते.

मंत्रचळावर औषध लागू पडतं हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं. स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीनं नैराश्यासाठी क्लोमिप्रामिन नावाचं औषध तयार केलं होतं. स्पेनमधले मानसोपचारतज्ज्ञ लोपेझ-इबोर यांनी ते मंत्रचळाच्या रुग्णांना दिलं आणि त्यांना उतार पडला. प्रश्न असा होता, की माणसाचं नैराश्य कमी झालं म्हणून मंत्रचळ कमी वाटला, की औषधाचा या आजारावरच वेगळा परिणाम होतो? पुढे संशोधकांनी क्लोमिप्रामिनची तुलना डेसिप्रामिन या त्याच्या भाऊबंदाशी केली. नैराश्यावर दोन्ही चालतात. मंत्रचळात मात्र क्लोमिप्रामिन उपयोगी पडलं, डेसिप्रामिन पडलं नाही. दोघांत महत्त्वाचा फरक असा, की क्लोमिप्रामिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर जोरकस काम करतं. म्हणूनच नैराश्यावरची प्रत्येक गोळी मंत्रचळावर चालत नाही. सेरोटोनिनवर काम करणारीच लागते. अर्थात, ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून मंत्रचळ झाला’ इतकं हे सोपं नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरची काही केंद्रं यांच्यात निरोपांची जी ये-जा चालते, ती या आजारात एकाच जागी अडकून फिरत राहते. औषध तिचा जोर कमी करतं, एवढं सांगता येतं.

अमेरिकेत क्लोमिप्रामिनला मंत्रचळासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर एसएसआरआय या गटातली औषधं आली : फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि पुढे एस्सिटॅलोप्राम. आज जगभर सुरुवात या गटानं केली जाते. ‘यातलं सगळ्यांत जोरदार कोणतं?’ असं रुग्ण विचारतात. खरं उत्तर असं, की मंत्रचळ कमी करण्याच्या बाबतीत ही सगळी जवळपास सारखीच आहेत. क्लोमिप्रामिनही समोरासमोरच्या तुलनेत त्यांच्याहून सरस ठरलेलं नाही. त्याचे त्रास मात्र अधिक. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, गुंगी आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. म्हणून ते सहसा मागाहून वापरतात, आणि वापरताना ईसीजी काढून बघतात.

मग निवड करायची कशावर? माणसावर. रुग्णाला आणखी कोणते आजार आहेत, कोणती औषधं चालू आहेत, वय काय, यावर. कुणी गोळी विसरण्यात पटाईत असेल, तर फ्लुओक्सेटिन बरं, कारण ते शरीरात बरेच दिवस टिकतं. पॅरॉक्सेटिन एकदम सुटलं तर त्रास जास्त होतो आणि त्यानं वजनही वाढू शकतं. फ्लुवोक्सामिन घेणाऱ्यानं चहा-कॉफी बेतानं घ्यावी, कारण या औषधामुळे कॅफिन शरीरातून हळू बाहेर पडतं. मग रात्रीची झोप उडते आणि दोष मंत्रचळाला जातो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन देणं टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचा उपयोग त्यानं कमी होऊ शकतो. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, तर एस्सिटॅलोप्राम जपून द्यावं लागतं. ॲस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. वयस्कर माणसांत क्वचित रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळल्यासारखा होतो. गरोदरपणाचा विचार असेल, तर तो आधीच सांगावा. अशा वेळी सर्ट्रालिनला पुष्कळदा पसंती मिळते आणि पॅरॉक्सेटिन टाळलं जातं. दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळी बंद करू नये, डॉक्टरांना भेटावं. आणि पूर्वी कधी अतिउत्साहाचे, न झोपता दिवस काढल्याचे झटके येऊन गेले असतील, तर तेही सांगावं. त्यावर औषधाची सगळी दिशा बदलते.

हे सारं डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी सोबत न्यायची. त्यात काढे, चूर्ण आणि दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही आल्या.

आता मात्रा आणि मुदत. बहुतेक उपचार इथेच फसतात. नैराश्यात सर्ट्रालिन पुष्कळांना ५० ते १०० मिलिग्रॅममध्ये पुरतं. मंत्रचळात ते हळूहळू वाढवत १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. फ्लुओक्सेटिन २० वर सुरू करून बहुधा ४० ते ६० पर्यंत. हे आकडे घरी वाढवण्यासाठी सांगत नाही. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, की ‘माझा आजार बिघडला वाटतं’ असं समजून लोक घाबरतात, म्हणून सांगतो. या आजाराला मात्राच तेवढी लागते. मुदतीचंही तसंच. ताप उतरवणारी गोळी तासाभरात काम करते. ही औषधं आठ ते बारा आठवडे घेतात, आणि त्यांतले निदान चार ते सहा आठवडे पुऱ्या मात्रेवर जायला हवेत. त्याआधी निकाल लावता येत नाही.

त्रास मात्र पहिल्या पंधरवड्यातच होतो : मळमळ, जुलाब, डोकेदुखी, झोपेत फरक, थोडी अस्वस्थता. म्हणजे तोटा आधी दिसतो आणि फायदा मागून येतो. रुग्णाला हे कुणी सांगितलं नाही, तर तो तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणारच. यातले बरेच त्रास आपोआप ओसरतात. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं मात्र टिकून राहू शकतं. संकोचापायी लोक ते बोलत नाहीत आणि गुपचूप औषध बंद करतात. कृपया बोला, त्यावर मार्ग काढता येतो. पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये लहान मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. म्हणून या काळात घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि वागण्यात एकाएकी बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

माझ्याकडे बँकेत काम करणारे एक गृहस्थ येत. अंघोळीला दोन तास. कामावर रोज उशीर. आधी त्यांनी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम पाच आठवडे घेऊन सोडलं होतं. आम्ही तेच औषध पुन्हा सुरू केलं आणि टप्प्याटप्प्यानं २०० वर नेलं. आठव्या आठवड्यात ते म्हणाले, ‘काही फरक नाही.’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘फरक आहे. आधी नऊ बादल्या लागायच्या, आता चार लागतात.’ बाहेरून बघणाऱ्याला उतार आधी दिसतो, कारण विचार मागाहून विरळ होतात आणि कृती आधी आखडते. म्हणून मी घरच्यांना एक वही ठेवायला सांगतो. आठवड्यातून एकदा दोनच ओळी लिहायच्या : किती वेळ गेला, कोणतं काम अडलं.

आम्हीही मोजतोच. येल-ब्राऊन मापन नावाची दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची पट्टी १९८९ पासून वापरात आहे. ३० गुणांवरून रुग्ण २० वर आला, तर औषध लागू पडलं असं आम्ही मानतो. इथे अपेक्षा नीट समजून घेतली पाहिजे. पहिल्या औषधानं साधारण निम्म्या रुग्णांना असा उतार पडतो. विचार पूर्ण पुसले जातात असं थोड्यांच्याच बाबतीत घडतं. पण दोन तासांचा अर्धा तास झाला, तर माणूस वेळेवर कामावर जातो, मुलाला जवळ घेतो, जेवायला बसतो. ही काही छोटी कमाई नव्हे.

उरलेल्या निम्म्यांसाठी वाट बंद होत नाही. गटातलं दुसरं औषध, मग क्लोमिप्रामिन, किंवा चालू औषधाला रिस्पेरिडोन वा ॲरिपिप्राझोलची छोटी मात्रा जोडणं, असे टप्पे आहेत. पण त्याआधी एका उपचाराचा विचार व्हायला हवा. त्याला ईआरपी म्हणतात. भीतीची पायरी चढायची आणि कृती करायची नाही. दाराच्या कडीला हात लावायचा आणि आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास हात न धुता बसायचं. भीती वाढते, आणि मग धुतल्यावाचूनही ती उतरते, हे मेंदू अनुभवानं शिकतो. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गोळ्यांनी पुरता गुण न आलेल्या शंभर रुग्णांपैकी काहींना ईआरपी, काहींना रिस्पेरिडोन आणि काहींना नुसतीच दिखाऊ गोळी जोडून दिली. गुण आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ८०, २३ आणि १५ टक्के होतं. सौम्य आजारात तर नुसत्या ईआरपीनंही भागतं. अडचण एवढीच, की ही पद्धत शिकलेले उपचारक मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत. अशा ठिकाणी गोळीनं भीतीची धार बोथट करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हा सराव घरी थोडा थोडा करावा.

घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. रुग्णाच्या वतीनं धुणं, तपासणं, पुन्हा पुन्हा खात्री देणं हळूहळू कमी करावं. एकदम नव्हे, ठरवून. आणि ‘या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल’ असं म्हणून औषध बंद पाडू नये. एसएसआरआय झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची सवय लागू शकते, आणि मंत्रचळ त्यांनी बरा होत नाही. एसएसआरआय एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो, हे खरं. म्हणून त्या उतरवायच्या त्या सावकाश, काही महिने घेऊन. आणि तेही बरं वाटू लागल्यावर निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवल्यानंतर. काहींना त्याहून अधिक काळ लागतो. मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेताना आपण लाजत नाही. इथेही लाजण्याचं कारण नाही.

एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. नवं औषध सुरू करताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : माझी पुरी मात्रा कोणती, ती कधीपर्यंत गाठायची, आणि निकाल कोणत्या महिन्यात बघायचा? उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. आणि डॉक्टरांकडे जायचं धाडस होत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.