हिवाळ्यातील दाणा आणि पाखरांची ये-जा

हिवाळा लागला की इंग्लंडातील पुष्कळ घरांच्या परसात खांबावर बसविलेली एक फळी किंवा टांगलेली जाळी दिसू लागते. तीत पाखरांसाठी सूर्यफुलाचे बी, शेंगदाणे, चरबीचे गोळे ठेवतात. यात हौस आहेच. पण तेथील हिवाळा पाखरांना मोठा कठीण जातो, हेही तितकेच खरे. जानेवारीच्या आरंभी दक्षिण इंग्लंडात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दहा-अकरा ग्रॅम वजनाच्या निळ्या टिट पाखराला तेवढ्या वेळात पोट भरून सोळा तासांची गोठविणारी रात्र काढावयाची असते. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात तर रेन नावाची चिमुकली पाखरे फार मोठ्या संख्येने मेली.

तथापि फळीवर येणाऱ्या पाखरांची संख्या दर वर्षी सारखी नसते. एका वर्षी झुंबड उडते. दुसऱ्या वर्षी दाणे तसेच पडून राहतात. याचे कारण पुष्कळदा परसात नसून रानात असते. बीच वृक्षाला काही वर्षी बियांचा विपुल बहर येतो. अशा वर्षी टिट, चॅफिंच इत्यादी पाखरे रानातच सुखाने चरतात व वस्तीकडे कमी येतात. म्हणजे ओस पडलेली फळी पाखरांच्या सुबत्तेचीही खूण असू शकते! जे दिसत नाही ते नाहीसेच झाले, असे मानण्याकडे मुलांचा कल असतो, मोठ्यांचाही असतो.

मग खरी घट ओळखावी कशी? तेथे १९७९ पासून दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस परसातील पाखरांची गणना होते. आरंभी ती मुलांसाठी काढलेली होती. एक तास बसावयाचे आणि प्रत्येक जातीची एका वेळी अधिकात अधिक किती पाखरे दिसली तेवढाच आकडा लिहावयाचा. प्रथम तीन चिमण्या आल्या, मग पाच, मग दोन, तर नोंद पाचाची, दहाची नव्हे. कारण तीच चिमणी पुन्हा आलेली असू शकते. १९७९ मध्ये दर परसामागे सरासरी दहा घरचिमण्या आढळल्या. अलीकडे हा आकडा चाराच्या आसपास आला आहे. एका वर्षाचा फरक हवेवर किंवा बहरावर ढकलता येईल. चार दशकांची उतरण तशी ढकलता येत नाही.

कधी कधी दोष खुद्द फळीतही निघतो. २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच या हिरवट पाखरांत घशाचा एक रोग आढळला. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परोपजीवी जंतू कबुतरांत पूर्वीपासून ठाऊक होता. तो लाळेने दूषित झालेल्या दाण्यापाण्यातून पसरतो. जेथे अनेक पाखरे एकाच ताटात जेवतात तेथे त्याचे फावते. थोड्याच वर्षांत या पाखरांची संख्या तेथे एक-तृतीयांशाने घटली. उलट ब्लॅककॅप हा पाहुणा वाढला. मध्य युरोपातील ही पाखरे हिवाळ्यात दक्षिणेकडे जात. १९६० नंतर त्यांतील काही ब्रिटनमध्ये अधिकाधिक येऊ लागली. त्यांची ही दिशा उपजत असते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात दिसून आले.

महाराष्ट्रात ही गणना करावयाची तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला हिवाळा पाखरांच्या उपासाचा नव्हे, सुगीचा काळ आहे. बीच वृक्षाच्या बहराचे काम येथे शाळू करतो. कणसे भरू लागली की भोरड्यांचे थवे शिवारात उतरतात, चिमण्याही तिकडेच वळतात आणि गोफणी फिरू लागतात. त्या आठवड्यात शाळेच्या आवारातील दाण्यांवर पाखरे कमी दिसली, तर मुलांनी प्रथम शिवाराकडे पाहावे. म्हणून गुरुजींनी आकड्याशेजारी हवा, वेळ आणि ज्वारीची अवस्था (पोटरीत, हुरड्यात की खळ्यावर) यांची नोंद करवून घ्यावी, आणि जागा व आठवडा दर वर्षी तोच ठेवावा. दाणे थोडे, त्याच दिवशी संपतील एवढेच घालावेत. पाण्याचे भांडे रोज घासून वाळवावे व मुलांनी नंतर हात धुवावेत. एखादे पाखरू पिसे फुगवून मलूल बसलेले, गिळताना अडखळणारे दिसल्यास त्याला हात न लावता काही आठवडे दाणा-पाणी ठेवणे बंद करावे, आणि नोंदवहीत ती तारीखही लिहून ठेवावी.