विमान-प्रतिकृतींतील चित्रप्रेषणाच्या कंप्रता

दूरनियंत्रित विमान-प्रतिकृतीवरील कॅमेऱ्याने टिपलेले चित्र रेडिओ तरंगांद्वारे जमिनीवरील चालकाकडे त्याच क्षणी पाठविता येते व ते डोळ्यांवर बसविलेल्या पडद्यावर पाहत विमान चालविता येते. नियंत्रणाच्या संदेशांच्या तुलनेने चित्राला फार रुंद पट्टा लागतो. साध्या सदृश (अनॅलॉग) प्रेषणात तो सु. २० मेगॅहर्ट्‌झ असतो. एवढी मोकळी जागा रेडिओ वर्णपटात सहजी सापडत नाही. म्हणून कंप्रतेची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येची) निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

समान शक्ती व समान प्रकारचे आकाशक (अँटेना) वापरल्यास मोकळ्या हवेत १,३०० मेगॅहर्ट्‌झचे प्रेषण ५,८०० मेगॅहर्ट्‌झच्या प्रेषणापेक्षा चौपटीहून अधिक अंतर गाठते. झाडीचा अडथळाही त्यास कमी होतो. साहजिकच हौशी लोकांचा ओढा खालच्या कंप्रतांकडे असतो. परंतु तेथे आधीचे वापरकर्ते आहेत. विमानतळावरील दुय्यम रडार १,०३० मेगॅहर्ट्‌झवर विमानास विचारणा करते आणि विमानातील प्रतिसादक १,०९० मेगॅहर्ट्‌झवर उत्तर देतो. काही स्वस्त प्रेषकांवर १,०८० मेगॅहर्ट्‌झची वाहिनी असते व तिचा पट्टा १,०९० पर्यंत पसरतो. खेळण्यातील विमानामुळे प्रवासी विमानाचे उत्तर झाकले जाण्याचा हा धोका आहे. उपग्रहीय मार्गनिर्देशनाच्या १,२२७·६ व १,५७५·४२ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रताही याच भागात येतात. अमान्य चित्रप्रेषक विकणाऱ्या एका कंपनीस अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने २०२० मध्ये २८ लाख डॉलरांहून अधिक दंड केला. प्रेषकावर वाहिनीचे बटण आहे, म्हणून ती वाहिनी वैध ठरत नाही.

एका देशात मुक्त असलेला पट्टा दुसऱ्या देशात राखीव असू शकतो. ९०२ ते ९२८ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा अमेरिकेत अल्पशक्ती साधनांना परवान्याविना खुला आहे. भारतात मात्र ८९० ते ९१५ मेगॅहर्ट्‌झमध्ये भ्रमणध्वनी संच आपल्या मनोऱ्याशी बोलतात. अमेरिकेतील आप्तांकरवी आणविलेला प्रेषक येथे उंच आकाशात सुरू केल्यास त्या परिसरातील मनोऱ्यांच्या ग्रहणात व्यत्यय येऊ शकतो.

२,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा भारतात २००५ पासून अल्पशक्ती साधनांना खुला आहे. तथापि बहुतेक विमान-प्रतिकृतींचे नियंत्रणही याच पट्ट्यात चालते. चित्रप्रेषक नियंत्रणाच्या ग्राहीपासून काही सेंटिमीटरांवरच असल्याने दुर्बल नियंत्रणसंदेश त्याच्यापुढे लोपतो आणि विमान हाताबाहेर जाते. पट्टे वेगळे असले, तरी गुणित कंप्रतांचा विचार करावा लागतो : ४३३ मेगॅहर्ट्‌झवरील नियंत्रणाची तिसरी गुणित कंप्रता १,२९९ मेगॅहर्ट्‌झ येते व १,३०० जवळचे चित्र बिघडविते. त्यासाठी प्रेषकाला गाळणी जोडतात.

यामुळे ५,७२५ ते ५,८७५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा सर्वाधिक रूढ झाला. भारतात तो २०१८ मध्ये बिनतारी संपर्क व्यवस्थांसाठी परवानामुक्त झाला. साधन मान्यताप्राप्त असण्याची अट मात्र राहते. यूरोपीय देशांत सामान्यतः २५ मिलिवॉट ही मर्यादा आहे. ती परिणामी उत्सर्जित शक्तीची असल्याने प्रेषकावर शक्ती एका दिशेस एकवटणारा आकाशक लावला, तर मूळ शक्ती त्या प्रमाणात घटवावी लागते. शर्यतींसाठी प्रचलित असलेल्या आठ वाहिन्यांपैकी ५,६५८, ५,६९५, ५,८८० व ५,९१७ मेगॅहर्ट्‌झ या चार वाहिन्या पट्ट्याबाहेर पडतात. ५,७३२ मेगॅहर्ट्‌झची वाहिनी कागदोपत्री आत असली, तरी २० मेगॅहर्ट्‌झची रुंदी धरल्यास तिचा खालचा काठ बाहेर जातो. ५,७४० ते ५,८६० मेगॅहर्ट्‌झमधील वाहिन्या निर्धोक होत.

हौशी रेडिओचा परवाना असणाऱ्यांना अधिक शक्ती व आणखी काही पट्टे मिळतात, उदा., अमेरिकेत १,२४० ते १,३०० मेगॅहर्ट्‌झ. तेथे निदान दर दहा मिनिटांनी व प्रेषणाच्या अखेरीस आपले ओळखचिन्ह प्रक्षेपित करणे बंधनकारक आहे आणि मोबदला घेऊन चित्रण करण्यास मनाई आहे. या पट्ट्यात रडार व मार्गनिर्देशन सेवांना अग्रहक्क असल्याने त्यांना व्यत्यय येताच हौशी प्रेषकाला थांबावे लागते.