असामान्य शिंगांचे काळवीट

असामान्य शिंगांचे काळवीट म्हणजे ज्याच्या शिंगांची संख्या, दिशा, पीळ किंवा लांबी नेहमीच्या ठेवणीपेक्षा वेगळी आहे असा काळविटाचा नर. एक शिंग मोडलेले, एक शिंग खाली गालाकडे वळलेले, पीळ न पडलेले किंवा दोन्ही शिंगे विषम असलेले नर माळरानावरील कळपांत अधूनमधून आढळतात. असा नर समोर आल्यास तो मारावा की सोडून द्यावा, हा शिकारीच्या काळातील वादाचा प्रश्न होता. सोलापूर जिल्हा हा काळविटाच्या दख्खनमधील प्रमुख अधिवासांपैकी एक आहे. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर तेथे हा निर्णय शिकाऱ्याच्या हातात राहिलेला नाही.

शिंगांची रचना

चितळ आणि सांबर यांची शिंगे व काळविटाची शिंगे या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोन्हींना शिंगेच म्हणतात, आणि या विषयातील बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. चितळ, सांबर हे सारंगकुळातील प्राणी असून त्यांची शिंगे भरीव हाडाची, फाटे फुटलेली असतात. ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि मखमली कातडीखाली पुन्हा नवी वाढतात. काळवीट व चिंकारा हे गवयकुळातील कुरंग होत. त्यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो व त्यावर नखासारख्या पदार्थाचे पोकळ आवरण असते. हे शिंग आयुष्यात एकदाच येते, ते गळत नाही आणि त्याला फाटे फुटत नाहीत. सोलापूरच्या माळरानावर चितळ वा सांबर नाहीत. तेथे दिसतात ते काळवीट आणि चिंकारा.

काळविटाच्या नराचे शिंग पहिल्या वर्षी सरळ व बिनपिळाचे असते. दुसऱ्या वर्षी त्याला मोकळा पीळ पडू लागतो आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ते पूर्ण ठेवणीचे होते. साधारण त्याच सुमारास नराच्या पाठीचा पिवळसर तपकिरी रंग काळसर होऊ लागतो. शिंगावरील वळ्यांवरून वय मोजता येते असा समज आहे. तो बरोबर नाही, वळी आणि वर्षे यांचा असा सरळ हिशेब नसतो. मादीला सहसा शिंगे नसतात. क्वचित एखाद्या मादीला बारीक, पीळ नसलेली, मागे वळलेली शिंगे येतात, आणि दुरून ती विकृत शिंगांचा नर म्हणून चटकन खपून जाते.

असामान्यतेची कारणे

शिंग वेडेवाकडे दिसले की ‘रक्तातच दोष आहे’ असे मानण्याकडे माणसाचा कल असतो. प्रत्यक्षात बहुतेक उदाहरणांत कारण इजेचे असते. लहान वयात, शिंगाचा गाभा अजून कोवळा असताना, झुंजीत, कुंपणाच्या तारेत अडकून किंवा पडल्याने कवटीच्या त्या भागाला मार बसला तर शिंगाची दिशा कायमची बदलते. मोठेपणी गाभ्यासकट मोडलेले शिंग पुन्हा येत नाही. म्हणून एकशिंगी काळवीट हा जन्मभर एकशिंगीच राहतो.

सारंगकुळात हेच चित्र वेगळे असते. तेथे एका वर्षीची वाकडी शिंगे पुढच्या वर्षी सरळ येऊ शकतात. मागच्या पायाला गंभीर इजा झालेल्या नराच्या विरुद्ध बाजूचे शिंग खुरटे वा वाकडे वाढल्याच्या नोंदी अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांत झाल्या आहेत. वृषणांना इजा झाल्यास मखमली कातडी गळतच नाही आणि शिंगांवर गाठी येतात. त्यामुळे एका हंगामातील विचित्र शिंगे पाहून चितळाच्या नराविषयी काढलेला निष्कर्ष फारसा टिकत नाही. काळविटाचे विकृत शिंग कायमचे असले, तरी तेही अनेकदा लहानपणच्या एका अपघाताची खूण असते. त्यावरून त्याच्या संततीबद्दल काहीच सांगता येत नाही.

शिकारीच्या काळातील निवड

इंग्रजी अमदानीत दख्खनच्या काळ्या रानात काळविटाची शिकार बहुधा बैलगाडीच्या आडोशाने केली जाई. गाडीची सवय झालेले कळप तिला बुजत नसत, आणि शिकारी गाडीच्या पलीकडच्या बाजूने चालत टप्प्यात येई. कळपात मारायचा नर ठरविण्याचा निकष एकच होता: शिंगांची लांबी. लंडनच्या रोलंड वॉर्ड संस्थेने १८९२पासून काढलेल्या नोंदपुस्तकांमुळे इंचांतील लांबी ही प्रतिष्ठेची बाब झाली. भिंतीवर लावायच्या मुंडक्यासाठी पूर्ण पिळाची, रुंद फाकलेली, सारखी जोडी हवी असे. त्यामुळे विकृत शिंगांचा नर पुष्कळदा केवळ ‘दिसायला बरा नाही’ म्हणून वाचत असे.

मात्र याच्या उलट हौसही होती. दुर्मीळ वस्तू म्हणून असे डोके मिळविणारे शिकारी होते, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात असामान्य शिंगांच्या टिपणांना जागा मिळत असे. आज त्या टिपणांचा उपयोग अभ्यासकांना होतो, पण ती बहुतांशी मारलेल्या जनावरांवर आधारलेली आहेत. जिवंतपणी त्या नराचे कळपातील स्थान काय होते, हे त्यांतून कळत नाही.

तिसरे मत निवड करून ‘वाण सुधारणाऱ्यांचे’ होते. वाईट शिंगांचे नर काढून टाकले की पुढची पिढी चांगल्या शिंगांची निपजेल, असे ते मत. बैलांच्या पैदाशीत मुरलेल्या शेतकऱ्याला ते पटण्यासारखे आहे. गोठ्यात वळू कोणता ठेवायचा हे माणूस ठरवतो आणि गाय कोणाकडून फळली हे त्याला ठाऊक असते. माळावर ते ठाऊक नसते. टेक्सासमध्ये बंदिस्त प्रजननाच्या प्रयोगांत हरणांच्या शिंगांवर आनुवंशिक निवडीचा परिणाम दिसला आहे. परंतु तेथीलच मोठ्या खुल्या रानांवर वर्षानुवर्षे ‘कमी प्रतीचे’ नर मारूनही अपेक्षित सुधारणा आढळली नाही. उलट मोठ्या शिंगांचेच नर निवडून मारण्याचा परिणाम मात्र नोंदला गेला आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राम माउंटन येथील रानमेंढ्यांच्या सुमारे ३० वर्षांच्या नोंदींवरून २००३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिंगांचा आकार व मेंढ्यांचे वजन घटत गेल्याचे दाखविले गेले. त्या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी नंतर संशोधकांत वाद झाले.

काळविटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नर आपापला प्रदेश राखतात आणि शिंगांत शिंगे अडकवून झुंजतात. एकशिंगी किंवा खाली वळलेल्या शिंगांचा नर अशा झुंजीत सहसा कमी पडतो व तरुण नरांच्या टोळीत राहतो. म्हणजे ज्याच्यापासून वाण बिघडेल म्हणून शिकारी त्याला मारू पाहतो, त्याला माद्यांपर्यंत पोहोचण्याची संधी आधीच थोडी असते. प्रदेश राखणारा काळा, लांब शिंगांचा नर मात्र उघड्या माळावर सर्वांत ठळक दिसतो आणि पहिली गोळी त्यालाच लागते.

कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे, आणि तेथेही रोख काळ्या नरावरच असे. फासेपारध्यांची शिकार मांसासाठी, फास लावून होत असल्याने तिच्यात शिंगांच्या निवडीला महत्त्व नव्हते. माणसाळविलेल्या हरणाच्या शिंगांना फास बांधून रानटी नर पकडण्याची पद्धत ‘ऐन-ए-अकबरी’तही वर्णिलेली आहे.

कायद्यातील स्थिती

१९१२च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारीचा बंद हंगाम ठरविण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्यात १९५१ साली स्वतंत्र कायदा झाला. तरीही स्वातंत्र्यानंतर पीकसंरक्षणाच्या नावाने वाटलेल्या बंदुका, जीपगाड्या आणि रात्रीचे प्रकाशझोत यांमुळे उघड्या रानातील कळप झपाट्याने घटले. १९७२च्या अधिनियमाच्या मसुद्यात महत्त्वाचा वाटा असलेले एम. के. रणजितसिंह हे स्वतः काळविटाचे अभ्यासक होत.

काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. अशा प्राण्याच्या शिकारीची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक, कारणे नमूद करून लेखी आदेशाने देऊ शकतात, आणि तीही दोनच कारणांसाठी: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असेल. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतर करणे शक्य असल्यास मारण्याचा आदेश देता येत नाही. वाकडे शिंग हे यांपैकी कोणतेच कारण नव्हे. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण अनुसूची २ मधील प्राण्यांसाठी मान्य आहे, अनुसूची १ साठी नाही. मृत काळविटाचे शिंगही सरकारी मालमत्ता ठरते. ते सापडल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यास कळवावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परिस्थिती

नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ.किमी. होते. त्यात गावे, शेते आणि रस्तेही आल्याने पुढे ते मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आले. शेजारच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (१९८०) खास काळविटांसाठी असून त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौ.किमी. आहे. माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, पण त्याच्या नावाने राखलेल्या गवताळ पट्ट्यांचा लाभ काळविटाला आणि त्यावर जगणाऱ्या लांडग्याला झाला.

कळप दिवसा माळावर आणि रात्री शेतात असतात. कोवळी ज्वारी, हरभरा आणि तूर यांचे नुकसान हा उत्तर सोलापूर व मोहोळ भागातील शेतकऱ्यांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. नुकसानभरपाई मिळते, परंतु पंचनामा व कागदपत्रे यांत हंगाम निघून जातो आणि राखण शेतकऱ्यालाच करावी लागते. पिकाभोवती लावलेल्या तारा व जाळ्यांत शिंगे अडकून नर जखमी होतात. शिंगांची विकृती अशाही मार्गाने निर्माण होते.

उन्हाळ्यात, विशेषतः बुद्ध पौर्णिमेच्या रात्री, पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणीगणनेत काळविटे एकसारखी दिसत असल्याने तोच प्राणी दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. एकशिंगी किंवा गालाकडे वळलेल्या शिंगाचा नर मात्र चुकत नाही. तो कोणत्या पाणवठ्यावर, कोणत्या टोळीबरोबर आणि किती वर्षे दिसला, हे पट्टा वा खूण न लावता नोंदविता येते. त्यामुळे वनरक्षक व छायाचित्रकार अशा नरांची छायाचित्रे दिनांक व ठिकाणासह जपून ठेवतात.