एक जूनची पोरं

दाखल्यावर माझा वाढदिवस १ जून. आईला विचारलं की ती म्हणायची, तू पोळ्याच्या करीचा, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या अजून टोपल्यात होत्या. म्हणजे ऑगस्ट तरी, नाहीतर सप्टेंबर. शाळेत नाव घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडं नेऊन पाहिला. बोटं कानाला लागली, गुरुजींनी १ जून लिहिलं. वर्गात आम्ही निम्मी पोरं एक जूनची. पुढं मी मास्तर झालो आणि अशा तारखा मीही लिहिल्या. आताच्या तेलंगणातल्या बोथला असंच होतं, पलीकडं महाराष्ट्रातल्या किनवटलाही असंच. १९५६ पर्यंत किनवटही आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यं वेगळी झाली तरी रजिस्टरं सारखीच राहिली. महाराष्ट्रात दरसाल ३१ मेला माणसं घाऊक निवृत्त होतात, ती अशाच गुरुजींच्या कृपेनं.

हे सगळं आठवायला कारण झालं एका बापाचं. टपरीवर भेटला. पोरगा शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होता, मनगटं तुरीच्या काडीसारखी.

"गुरुजी, हा आता सहावीत चालला. एक साल मागं ठेवावं म्हणतो. तेवढ्यात अंगानं भरंल, कबड्डीत कोणाला ऐकायचा नाही."

मी म्हटलं, "अरे, टीममध्ये घेताना वर्ग पाहतात का जन्मतारीख?"

तो थोडा थांबला. मग आवाज खाली करून म्हणाला, "मंग तारीखच सरकवता येईल का?"

त्याची पहिली कल्पना अमेरिकेत सर्रास चालते. तिकडं शालेय खेळात वर्गाला फार महत्त्व. कॉलेजचे निवडकर्ते पोराचं वय मागून पाहतात, आधी पाहतात ते तो कोणत्या साली शाळेतून बाहेर पडणार. नववीत पाऊल टाकलं की खेळायला मोजून आठ सत्रं, म्हणजे चार वर्षं मिळतात. म्हणून जे काही मागं ठेवायचं ते नववीच्या आधी. पास झालेल्या पोराला काही आईबाप मुद्दाम पुन्हा आठवीत बसवतात. बहुतेक राज्यांत एकोणीस वर्षांची मर्यादा आहे, पण तिच्या आत एक वर्ष सहज मावतं.

आपल्याकडं ते मावत नाही. स्कूल गेम्स फेडरेशनचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे; वय जन्मतारखेवरून मोजतात. पोरगा सहावीत असो की आठवीत, चौदा पूर्ण झाले की खालच्या गटातून बाहेर. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायला मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीनं फक्त पाचवी-आठवीचा निर्णय राज्यांवर सोडला. तरी सरहद्दीवर एक चोरवाट आहेच: माध्यम बदलायचं. मराठी शाळेतून पोरगं तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत घालताना "भाषा कच्ची आहे" म्हणून एक वर्ग खाली बसवतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. नवोदयवाल्यांना हे डाव ठाऊक आहेत. त्यांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसताच येत नाही.

म्हणजे आपल्या देशात वर्ग सरकवून फायदा नाही, आणि म्हणूनच लोक तारीख सरकवतात. आम्ही मास्तरांनी तारखा लिहिल्या त्या पोरगं शाळेत बसावं म्हणून. काहींनी नोकरीची दोन वर्षं वाढावीत म्हणून वय कमी लावून घेतलं. खेळासाठी वय चोरणं हा त्याच रजिस्टराचा तिसरा उपयोग. २०१५ साली पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविडनं क्रिकेटमधल्या या वयचोरीवर भर सभेत बोट ठेवलं होतं. २०२० मध्ये क्रिकेट मंडळानं सांगितलं, १५ सप्टेंबरपर्यंत खोटी तारीख आपणहून कबूल करा, शिक्षा नाही. नंतर सापडलात तर दोन वर्षं बंदी.

कागदावर भरवसा राहिला नाही, तेव्हा हाडांना विचारायला सुरुवात झाली. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. लहान पोराच्या मनगटात हाडं पुरती तयार नसतात, हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या फटी दिसतात. वाढ संपत येते तशा त्या बुजतात. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ही टीडब्ल्यू ३ नावाची पद्धत वापरतं. पण हाडं वाढ सांगतात, जन्मतारीख सांगत नाहीत. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन पोरांपैकी एकाला तेराव्या वर्षी मिसरूड फुटते, दुसऱ्याला सोळाव्या. खरा दाखला असलेलं पोरगंही मनगट लवकर पिकलं म्हणून बाहेर बसू शकतं.

पण मला खरा घोळ दिसतो तो कोणीच लबाडी केलेली नसते तिथं. आदिलाबादला क्रीडाशाळा आहे, हकीमपेठला राज्याची मोठी. प्रवेश चौथीत. मंडलापासून चाचण्या सुरू होतात: तीस मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, आठशे मीटर. त्यातच उंची आणि वजनालाही गुण. या वयात पोर वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. एकाच वयोगटात दहा महिन्यांनी मोठं असलेलं पोरगं रांगेत उभं राहतं तेच चार-पाच सेंटीमीटर वर. त्यानं अजून एक पाऊलही टाकलेलं नसतं आणि गुण पडलेले असतात.

कॅनडात हे एका बाईच्या लक्षात आलं. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ लेथब्रिज गावी बायकोसोबत आइस हॉकीचा सामना बघायला गेले होते. पॉला बार्न्सली यांनी माहितीपत्रकातल्या जन्मतारखा चाळल्या: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पुन्हा जानेवारी. तिथं वय १ जानेवारीपासून मोजतात. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं लहानपणी थोराड दिसतात, त्यांची निवड होते, चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने त्यांनाच मिळतात, आणि मग ती खरोखरच चांगली खेळू लागतात. डिसेंबरवाली तोवर घरी बसलेली असतात. नंतर फुटबॉलसह अनेक खेळांत हेच आढळलं.

आमच्या गावोगावच्या कबड्डीला शास्त्र माहीत नसेल, पण तिथं वजनाच्या गटांचे सामने होतात. काटा आणतात, पोरं बनियनवर उभी राहतात. सकाळपासून उपाशी राहून वजन उतरवणारे महाभाग तिथंही असतात, पण निदान भांडण सगळ्यांदेखत होतं. क्रीडाशाळांनी एवढं तरी करावं: उंचीचे गुण देताना जन्माचा महिना पाहावा, आणि पहिल्या फेरीत मागं पडलेल्या धाकट्या पोरांना दोन वर्षांनी पुन्हा बोलवावं. चौथीच्या एका सकाळी पोराचा निकाल लावू नये.

टपरीवरच्या त्या बापाला मी नाही म्हटलं. तारीख सरकवून पोरगं चौदाखाली दोन वर्षं चमकलं असतं. एकोणिसाव्या वर्षी समोरची पोरं अंगानं बरोबरीला येतात, आणि नुसत्या ताकदीवर खेळलेल्याकडं तेव्हा डाव नसतो. शिवाय मनगटाचा एक्स-रे. बाप हिरमुसला. पोरगा मात्र बशी खाली ठेवून म्हणाला, "मला तर खो-खो आवडतो."

हात कानाला लावायचे दिवस आता संपले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली नवी दुरुस्ती लागू आहे. त्या दिवशी आणि त्यानंतर जन्मलेल्या पोरांचं वय शाळेत जन्मदाखल्यावरूनच ठरेल. तेव्हा घरात बाळ झालं की पंचायतीत जाऊन खरी तारीख लिहून घ्या, करीची असेल तर करीची. २१ दिवसांच्या आत गेलात तर पैसे लागत नाहीत.