पायाखालचं लाकूड

लाकडी जमीन करायची तर आधी पावसाळ्याचा विचार करा. दमट हवेत लाकूड फुगतं; म्हणून भिंतीच्या कडेने साधारण 10 मिमी फट सोडून ती पट्टीने झाकतात. फट नसेल तर जुलैत फळ्या मधोमध उचलल्या जातात. मुंबई-कोकणात अखंड फळीपेक्षा इंजिनिअर्ड लाकूड मला बरं वाटतं: खाली प्लाय, वर खऱ्या सागाचा थर. नमुन्याची फळी आडवी धरून कडेने पाहा. वरचा थर 3-4 मिमी असेल तर पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येतं.

लाकडाऐवजी बांबूच्या फळ्याही वापरता येतात. बांबू मुळात गवत, चार-पाच वर्षांत तोडणीला येतो. तपकिरी छटेवर मात्र भुलू नका. ती वाफेच्या उष्णतेने आणतात आणि त्यात बांबू थोडा मऊ पडतो.