वकट, लेंड, मूंड : खेळातील उसनी मोजणी

गोल्फ हा खेळ आपल्या धाराशिव जिल्ह्यातील बहुतेकांना केवळ चित्रांतून परिचित आहे; त्यातील ‘पार’ हा शब्द मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीचा वाटावा. समभागाच्या दर्शनी किमतीला शेअरबाजारात ‘पार’ म्हणतात. १८७० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे मोठी स्पर्धा व्हावयाची होती. डोलमन नावाच्या क्रीडालेखकाने दोन नामांकित खेळाडूंना विचारले की, या बारा खळग्यांच्या मैदानावर निर्दोष खेळास किती टोले लागावेत? उत्तर आले, ४९. या आकड्यास डोलमनने ‘प्रेस्टविकचे पार’ म्हटले, आणि बाजारातला शब्द क्रीडांगणावर रुजला.

अशीच उसनवार आपल्या विटीदांडूतही आहे. टोलविलेल्या विटीचे गल्लीपासूनचे अंतर दांडूने मोजताना मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणत पुढे सरकतात. ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्यानुसार पुढील टोला पायावरून, मुठीवरून की डोळ्यावरून मारावयाचा, हे ठरते. गावोगाव तपशील बदलतो. हे चार शब्द मात्र फारसे बदलत नाहीत. पुष्कळ सुशिक्षितांना ते निरर्थक, गावंढळ वाटतात. वस्तुतः ते तेलुगू अंक आहेत : ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, म्हणजे एक, दोन, तीन, चार.

यावर कोणी म्हणेल की, ही निजामी राजवटीची देणगी असावी; कारण १९४८ पर्यंत मराठवाडा, तेलंगण आणि कन्नड जिल्हे हैदराबाद संस्थानात एकत्र नांदत होते. परंतु निजामाची सत्ता नसलेल्या पुण्या-साताऱ्याकडेही मुले हेच शब्द म्हणत आली आहेत. तेव्हा ही देवघेव एका संस्थानापुरती नाही. शिवाय त्या संस्थानाची राज्यभाषा उर्दू होती. कचेरीत आणि वरच्या वर्गांत ती हुकमाने चालली. विटीदांडूतील तेलुगू अंकांना मात्र कोणत्याही फर्मानाची गरज पडली नाही.

अंक ही व्यवहाराची पहिली भाषा होय. शेजाऱ्याशी देणेघेणे करावयाचे तर त्याचे व्याकरण आले नाही तरी चालते. एक-दोन-तीन मात्र यावेच लागते. तुळजापूरच्या यात्रेत मराठी, कन्नड आणि तेलुगू भाविक एकाच दुकानासमोर उभे राहतात, तेव्हा आजही हेच दिसते. उमरग्याच्या सीमाभागात तर दोन भाषा हा घरोघरचा अनुभव आहे.

आज गल्लीबोळांत क्रिकेट आले आणि विटीदांडू मागे पडला. याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु खेळ गेला की त्याची मोजणीही जाते, कारण ती पुस्तकातून नव्हे, थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे येते. शिक्षकांनी एखादा तास मैदानावर घ्यावा, गावातील वृद्धांकडून हे शब्द त्यांच्या गावच्या उच्चारांसह लिहून घ्यावेत, आणि त्यांच्यासमोर तेलुगू अंक मांडून दाखवावेत. भाषेच्या प्रश्नावर माणसे हमरीतुमरीवर येतात, तेव्हा आपल्या आजोबांनी बालपणी कोणत्या भाषेत मोजले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.