मुक्ताईच्या वाटेने पंढरी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते, तेव्हा खान्देशातून निघालेली मुक्ताबाईंची पालखी बुलढाण्याचा घाट चढून पुढे गेलेली असते. माउलींच्या या धाकट्या बहिणीला अंतर जास्त, म्हणून ती आधी निघते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. जळगाव जिल्ह्यातल्या कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूर मात्र पाचशे किलोमीटरांहून अधिक. सुमारे महिनाभराची ही चाल आहे. आळंदी आणि देहूच्या वाटेवर माणसे लाखांनी मोजतात, मुक्ताईच्या वाटेवर हजारांनी. खान्देशातल्या ज्याला पायी वारी करायची आहे, पण गर्दीत हरवून जायचे नाही, त्याच्यासाठी ही वाट दारातूनच निघते.

तरीही जळगाव-धुळ्याचा शहरी वारकरी अनेकदा रेल्वेने पुणे गाठतो आणि आळंदीच्या दिंडीत सामील होतो. त्याला कारण आहे. तिथे वाट चालणाऱ्यांसाठी बरीच सोय आहे. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले आणि त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी वेगळा पदपथ ठेवला गेला. पाण्याचे टँकर, फिरती स्वच्छतागृहे, आरोग्य पथके सोबत असतात. मुक्ताईच्या वाटेवर हे सगळे गावांच्या हातावर चालते. त्यामुळे ही वाट निवडताना काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

पंढरपूरला येणाऱ्या मानाच्या पालख्यांत मुक्ताबाईंची पालखी आहे. मुक्ताबाई संस्थानच्या परंपरेनुसार ती तीनशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ म्हणजे १२७९ चा. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव ही थोरली भावंडे. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव गेले. त्यानंतर निवृत्तीनाथ धाकट्या बहिणीला घेऊन उत्तरेकडे तापीकाठी आले. शके १२१९ च्या वैशाख वद्यात मेहूणजवळ वादळ उठले, वीज कडाडली आणि मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, असे परंपरा सांगते. तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. त्यांना गुरू मानणाऱ्या चांगदेवांचे पुरातन मंदिर मेहूणहून जवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाणारे तालुक्याचे गाव आज मुक्ताईनगर या नावानेच ओळखले जाते.

पालखी निघते ती कोथळीच्या जुन्या मंदिरातून. मुक्ताईनगरहून सुरत-नागपूर महामार्गाने मलकापूर, मग मोताळा, राजूरचा घाट आणि बुलढाणा. पुढे चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड. शहागडला गोदावरी ओलांडायची आणि गेवराईमार्गे बीड गाठायचे. तिथून बालाघाटाच्या डोंगररांगेतून भूम, माढा आणि शेवटी पंढरपूर. मुक्कामाच्या गावांत वर्षागणिक थोडाफार फरक पडतो, पण वाटेचा कणा हाच.

नकाशावर ही वाट पाहिली की तिचे वेगळेपण लक्षात येते. जळगाव, बुलढाणा, जालना, बीड, धाराशिव आणि सोलापूर असे सहा जिल्हे ती ओलांडते. खान्देश, विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र असे चार मुलूख तिच्यावर भेटतात. तापीचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, गोदावरीचे पूर्वेला, आणि भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे एका महिन्यात माणूस तीन मोठी नदीखोरी पायांनी ओलांडतो. तापीकाठची काळी कपाशीची जमीन, बुलढाण्याच्या पठारावरची सोयाबीन, जालना-बीडकडची मुरमाड कोरडवाहू राने आणि माढ्याकडचा ऊस हा बदल पायी चालणाऱ्याला रोज थोडा थोडा दिसत जातो.

पहिला आठवडा सर्वांत अवघड. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ज्येष्ठातही तापीकाठची झळ ओसरलेली नसते. डांबर दुपारी तापलेले, सावली तुरळक. त्यातच मृगाचे दिवस. घरी कपाशीची लागवड चालू असते किंवा पावसाकडे डोळे लावून धूळपेर झालेली असते. शेतकरी वारकरी शेत मुलाच्या नाहीतर भावाच्या हवाली करून निघालेला असतो आणि वाटेत ढग दिसला की गावी फोन लावतो. राजूरचा घाट चढून बुलढाण्यात पाऊल टाकले की हवा बदलते. हे गाव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. खालच्या उकाड्यातून आलेल्याला तिथला वारा पहिल्यांदा अंगाला गार लागतो.

बीडचा मुक्काम या वाटेवरचा खास. मुक्ताबाईंचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी बीडमध्ये आहे अशी श्रद्धा आहे आणि पालखी तिथे पोहोचली की नात आजोबांना भेटायला आली असे मानून तिचे स्वागत होते. घरातली लेक आल्यासारखी लगबग तिथे असते. वाटेवरच्या कित्येक गावांतही जेवणाचा, चहाचा, मुक्कामाचा मान एकेका घराकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

दिवसाची घडी पक्की बसलेली असते. पहाटे काकडा, उजाडायच्या आत वाटचाल, मधला विसावा, दुपारचे जेवण, पुन्हा चाल, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. रोजचे अंतर सरासरी वीसेक किलोमीटर, काही दिवशी त्याहून जास्त. पुढे पताकाधारी, मागे दोन रांगांत टाळकरी, त्यांच्या मध्ये मृदंगी, मग वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, ही दिंडीची रचना.

यातला वीणेकरी नीट पाहावा. वीणा चालू असताना जमिनीवर टेकवायची नाही, हा दंडक आहे. थकलेला वीणेकरी दुसऱ्याकडे येतो, गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो आणि दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात. वय, जात, हुद्दा काही विचारले जात नाही. वीणा घेणारा विशीतला पोरगा असला तरी सत्तरीतले बाबा त्याच्या पाया पडतात. लाखोंच्या गर्दीत हे दृश्य माणसांच्या भिंतीआड जाते. इथे ते हाताच्या अंतरावर घडते. लहान दिंडीत दहाव्या दिवसापर्यंत बहुतेकांची नावे पाठ झालेली असतात, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाचा गुडघा दुखतो हेही माहीत असते. एखादा मागे पडला तर लगेच लक्षात येते.

एक महिना प्रत्येकाला जमत नाही. नोकरी आहे, दुकान आहे, घरात आजारी माणूस आहे. अशांना खान्देशात आणखीही वाटा आहेत.

अमळनेरच्या संत सखाराम महाराज संस्थानची पायी वारी त्यातली एक. महाराजांनी १८१८ मध्ये बोरी नदीकाठी देह ठेवला आणि २०१८ मध्ये अमळनेरने त्यांच्या समाधीची द्विशताब्दी साजरी केली. वैशाखात बोरीच्या पात्रात मोठी यात्रा भरते आणि त्यानंतर संस्थानची दिंडी पंढरपूरची वाट धरते. याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले झाले. खान्देशातून पंढरीला जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आठवावी. जळगाव शहरातल्या श्रीराम मंदिर संस्थानचीही पायी वारी आहे. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये कार्तिकी एकादशीचा रथोत्सव सुरू केला तो याच संस्थानचा.

उन्हाळ्याचा ताप सोसत नसेल तर पौष महिना आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा भरते. धुळ्याहून त्र्यंबक दोनशे किलोमीटरांच्या आत येते. थंडीत चालणे सोपे, शेतात हरभरा आणि दादर ज्वारी उभी असते. अडचण एकच, मालेगाव-चांदवडचा मुंबई-आग्रा महामार्ग. म्हणून आतल्या रस्त्याने जाणारी दिंडी शोधावी.

चैत्रात सप्तशृंगगडाला जाणारी पायी यात्रा खान्देशाची सर्वांत लाडकी. खान्देश हे देवीचे माहेर असे इथले लोक मानतात आणि धुळे, जळगाव, नंदुरबारहून लाखो भाविक मालेगाव, देवळा, कळवणमार्गे चालत जातात. तिचा जोश मोठा आहे. पण जळत्या उन्हामुळे चाल बरीचशी रात्रीची असते, सोबत ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या असतात. शांत चाल हवी असणाऱ्याने ही यात्रा निवडताना विचार करावा.

पहिल्यांदा चालणाऱ्यासाठी माघवारी उत्तम. माघ वद्य एकादशी ते महाशिवरात्र मुक्ताईनगर-चांगदेवला यात्रा भरते आणि खान्देश, विदर्भ, बऱ्हाणपूरकडून दिंड्या येतात. जळगावहून मुक्ताईनगर साठेक किलोमीटर. म्हणजे तीन दिवसांची चाल. आपले पाय, झोप, पोट आणि स्वभाव समूहात कसे टिकतात हे तिथे कळून येते. माघात जे जमले ते ज्येष्ठात महिनाभर जमवायचे, असा क्रम ठेवला तर फजिती टळते.

तयारीच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या चुकल्या तर वारी अर्ध्यात सुटते. एकट्याने चालण्यापेक्षा दिंडीत नाव नोंदवावे. दिंडीप्रमुखाला भेटून भिशी म्हणजे जेवणाची वर्गणी किती, सामानाचा ट्रक आहे का, राहुटी की शाळेची पडवी, बायांच्या अंघोळीची आणि शौचाची व्यवस्था काय, आजारी पडल्यास गाडी कोणती, हे तोंडावर विचारावे. विचारण्यात संकोच नको. चांगला दिंडीप्रमुख ही माहिती आपणहून देतो. पादत्राणे नवी कोरी नकोत, दोन महिने वापरून पायाला बसलेली हवीत. रात्री पाय धुऊन कोरडे करावेत, खोबरेल चोळावे. फोड आला तर तो खेचून फाडू नये, स्वच्छ पट्टी बांधावी. मीठ-साखरेचे पाणी तहान लागण्याआधी प्यावे. रक्तदाब किंवा साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवून महिन्याचा साठा सोबत घ्यावा आणि औषधांची चिठ्ठी खिशात ठेवावी. घरचा फराळ थोडाच न्यावा. शेंगदाण्याची चटणी, शेव, मेथीचे लाडू टिकतात, बाकी गावोगावी भाकरी मिळते.

खरी चिंता रस्त्याची आहे. मुक्ताईनगर-मलकापूर हा टप्पा आणि वडीगोद्री, गेवराई, बीड, चौसाळा हा पट्टा मोठ्या महामार्गांवर येतो. धुळे-सोलापूर रस्त्यावरून अवजड गाड्या भरधाव जातात. पहाटेच्या अंधारात चालताना पाठीवर चमकणारी पट्टी लावलेले जाकीट, पुढच्या-मागच्या माणसाच्या हातात विजेरी आणि दिंडीमागे दिवे लावलेले वाहन हवेच. रांग रस्त्याच्या कडेलाच राहिली पाहिजे. मोबाइलवर बोलत रांगेबाहेर येणाऱ्याला कोणीतरी थांबवायला हवे.

करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मुक्ताईच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. मोजकेच लोक सोबत होते, वाट रिकामी राहिली. त्यानंतर पायी सोहळा पुन्हा सुरू झाला. पंढरपूरजवळ वाखरीला दशमीच्या दिवशी सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा कोथळीहून निघालेला वारकरी महिन्याभरात पहिल्यांदा लाखोंच्या समुदायात मिसळतो. परतीसाठी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की सोय बघता येते. अलीकडच्या वर्षांत आषाढीला भुसावळहून पंढरपूरसाठी विशेष रेल्वेगाडी सुटते. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि महिलांना निम्मे भाडे आहे.

आळंदी-देहूच्या वाटेला जे मिळाले ते मुक्ताईच्या वाटेलाही मिळायला हवे. घाटाच्या पायथ्याशी पाणी, महामार्गाच्या कडेला चालण्यापुरती मोकळी पट्टी, मुक्कामाच्या गावी स्वच्छतागृहे आणि सावलीची झाडे एवढीच मागणी आहे. जळगाव, बुलढाणा, जालना, बीड, धाराशिव आणि सोलापूर या सहा जिल्हा परिषदांनी ठरवले तर ती पुरी करणे अशक्य नाही. खान्देशातल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय लावून धरावा. आणि ज्यांना यंदा निघायचे आहे त्यांनी प्रस्थानाची तारीख संस्थानाकडून विचारून घ्यावी, नाव उन्हाळ्यातच नोंदवावे आणि रोज सकाळी पाच किलोमीटर चालायला आजपासून सुरुवात करावी.